हॉस्टेलचा नकाशा कळलेला माणूस : अच्युत कानविंदे

तुम्ही हॉस्टेलला राहता का? किंवा नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला कॉट बेसिसवर? मग एक साधा प्रयोग करून बघा. संध्याकाळी खोलीतून मेसपर्यंत जाताना ओळखीचे किती चेहरे भेटतात, ते मोजा. काही हॉस्टेलात पाच मिनिटांची वाट अर्ध्या तासाची होते, कारण वाटेत कुणी ना कुणी थांबवतंच. काही ठिकाणी मात्र वर्ष सरतं तरी शेजारच्या खोलीतल्या मुलाचं आडनाव माहीत नसतं.

आपण म्हणतो, तिथली पोरंच तशी. पण बऱ्याचदा दोष पोरांचा नसतो, नकाशाचा असतो. लांबलचक अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना बंद दारं, बसायला एक पायरीसुद्धा नाही. अशा जागी माणूस थांबणार कुठे आणि बोलणार कुणाशी?

आज ज्यांच्याबद्दल सांगायचंय, त्यांनी हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला. नाव अच्युत पुरुषोत्तम कानविंदे. स्वतंत्र भारतातल्या आधुनिक वास्तुकलेचा इतिहास त्यांचं नाव घेतल्याशिवाय सुरूच होत नाही. आर्किटेक्चरला असलेल्या तुमच्या मित्राला विचारा, त्याला माहीत असेल. बाकीच्यांनी बहुतेक ऐकलं नसेल, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ते गेले डिसेंबर २००२ मध्ये. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते. पण त्यांची एखादी इमारत तुम्ही पाहिली असण्याची शक्यता आहे. कोणती, ते पुढे येईलच.

आचऱ्याचा मुलगा

कानविंदे मूळचे कोकणातले. जन्म १९१६ चा, आचरा गावातला. तेव्हा हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात होतं, आता सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यात आहे. घर मोठं, माणसांनी भरलेलं. अच्युत दोन वर्षांचा असताना आई गेली. वडील मुंबईत चित्रकला शिकवायचे. स्वतः व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं काढायचे. मुलाच्या हातात रेघ आली ती वडिलांकडून.

कोकणातलं जुनं घर तुम्ही कधी पाहिलंय? पुढे शेणाने सारवलेलं खळं, मग पडवी, मग माजघर, आत अंधार वाढत जाणारा. बाहेरचा माणूस किती आत येणार, हे त्या घराच्या रचनेतच ठरलेलं असतं. कामापुरता आलेला पडवीत बसतो, जवळचा माजघरापर्यंत येतो. आपल्याकडच्या वाड्यातही तेच आहे की! दारातून आत गेलं की ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, मग खोल्या, वर माळवद. हिंगोली-वसमतच्या जुन्या गल्ल्यांत असे वाडे पडके का होईना, अजून दिसतात. दहा-वीस माणसं एका छपराखाली राहायची आणि तरी प्रत्येकाला आपला कोपरा असायचा. भांडणं व्हायची, हेही खरं. पण एकटं पडायला जागाच नसायची.

आचऱ्याची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. या गावात गावपळण असते. काही वर्षांच्या अंतराने, ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव घरं बंद करतं आणि वेशीबाहेर जातं. गुरंढोरं, कोंबड्या, सगळं सोबत. तीन दिवस आणि तीन रात्री लोक झोपड्या-राहुट्यांत शेजारी शेजारी राहतात. चूल, गप्पा, भजन सगळं उघड्यावर. या प्रथेमागच्या श्रद्धेबद्दल तुमचं मत काहीही असो, अख्ख्या गावाने भिंती सोडून एकत्र राहणं म्हणजे काय, हे आचऱ्याच्या माणसाला पुस्तकात वाचावं लागत नाही.

जेजे ते हार्वर्ड

१९३५ मध्ये कानविंदेंनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये आर्किटेक्चरला प्रवेश घेतला. तिथे विभागप्रमुख होते क्लॉड बॅटली हे इंग्रज आर्किटेक्ट. स्वतः इंग्रज असूनही विद्यार्थ्यांनी जुन्या भारतीय इमारती नीट अभ्यासाव्यात, इथलं ऊन-पाऊस समजून घ्यावं, यावर त्यांचा भर असायचा. बाहेर मुंबईत त्याच वेळी मरीन ड्राइव्हच्या गोलसर बाल्कन्या उभ्या राहत होत्या, आणि गिरणगावात चाळी माणसांनी फुटत होत्या. एकीकडे नव्या पद्धतीचा फ्लॅट, दुसरीकडे चाळीची गॅलरी. शिकणाऱ्या पोराला दोन्ही बघायला मिळत होतं.

डिग्री घेतल्यावर कानविंदे सीएसआयआरमध्ये लागले. ही वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये स्थापन झाली होती आणि शांतिस्वरूप भटनागर तिचे प्रमुख होते. स्वातंत्र्य जवळ येत होतं. देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या करायच्या होत्या, आणि प्रयोगशाळा बांधायची कशी हे जाणणारे भारतीय आर्किटेक्ट जवळपास नव्हतेच. म्हणून या तरुणाला अमेरिकेला पाठवायचं ठरलं. १९४५ मध्ये कानविंदे हार्वर्डला गेले. तिथे त्यांना शिकवायला होते वॉल्टर ग्रोपियस.

इथे जरा थांबू, कारण ग्रोपियस कोण हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

ग्रोपियस, आणि लंडनची पांढरी इमारत

ग्रोपियस जर्मन. १९१९ मध्ये त्यांनी बाउहाउस नावाची कलाशाळा सुरू केली. सुतार, चित्रकार, विणकर, आर्किटेक्ट सगळ्यांनी एकत्र शिकायचं, असा तिचा खाक्या. १९२६ मध्ये देसाऊ गावात त्यांनी या शाळेची जी इमारत बांधली, तिच्यात विद्यार्थ्यांना राहायला २८ खोल्या होत्या. बऱ्याच खोल्यांना छोटीशी बाल्कनी, आणि स्वयंपाकाची सोय मात्र मजल्यावर सगळ्यांत मिळून एक. त्या बाल्कन्यांत बसलेल्या मुलामुलींचे फोटो आजही प्रसिद्ध आहेत. इंटरनेटवर शोधा, आपल्या हॉस्टेलच्या गॅलरीतल्या फोटोंपेक्षा फार वेगळे वाटणार नाहीत.

१९३३ मध्ये नाझी राजवटीच्या दबावाखाली बाउहाउस बंद पडली. पुढच्याच वर्षी ग्रोपियस पत्नीसह लंडनला आले, आणि राहायला गेले ते लॉन रोडवरच्या एका नव्याकोऱ्या इमारतीत. लॉन रोड फ्लॅट्स, आज तिला आयसोकॉन बिल्डिंग म्हणतात. वेल्स कोट्स या आर्किटेक्टने जॅक आणि मॉली प्रिचर्ड या जोडप्यासाठी ती बांधली होती. जुलै १९३४ मध्ये ती खुली झाली.

कल्पना धाडसी होती. शहरात नोकरी करणाऱ्या, फारसं सामान नसलेल्या तरुण माणसाला मोठं घर कशाला हवं? त्याला एक नेटकी लहान खोली द्या, भिंतीत बसवलेलं फर्निचर द्या, नावापुरती ओट्याची जागा द्या. जेवण तळमजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात बनेल आणि छोट्या लिफ्टने वर येईल. कपडे धुणं, झाडलोट याची सोय इमारतच करेल. खोल्यांची दारं उघडायची ती बाहेरच्या लांब गॅलरीत. हो, चाळीसारखीच! फरक इतकाच की चाळीत एकत्र राहणं नाइलाजाने आलं होतं, आणि इथे लोक ते भाडं देऊन हौसेने निवडत होते. १९३७ मध्ये खाली आयसोबार नावाचं छोटं रेस्टॉरंट निघालं आणि ती लंडनमधल्या लेखक-कलाकारांची गप्पांची जागा झाली. रहस्यकथावाल्या अ‍ॅगाथा ख्रिस्ती १९४१ पासून काही वर्षं इथेच राहत होत्या. सोव्हिएत रशियाचे हेरही इथे राहून गेले, हे नंतर उघड झालं.

पुढे काय झालं? इमारत विकली गेली, आयसोबार मोडून तिथे फ्लॅट केले, देखभाल सुटली, पांढरा रंग काळवंडला. २००० नंतरच्या दशकात तिची नीट दुरुस्ती झाली. आज तिथे पुन्हा लोक राहतात, तळमजल्यावर इमारतीचा इतिहास सांगणारं छोटं कलादालनही आहे. लंडनला शिकायला गेलेलं कुणी ओळखीचं असेल तर त्याला जाऊन यायला सांगा. गॅलऱ्या आहेत, खोल्या आहेत. एकत्र जेवण मात्र राहिलं नाही. म्हणजे भिंती वाचवता आल्या, पण ज्यासाठी त्या बांधल्या होत्या ते गेलं.

ग्रोपियस तिथे १९३७ पर्यंत राहिले आणि मग हार्वर्डला गेले. आठ वर्षांनी आचऱ्याचा तरुण त्यांच्या वर्गात बसला. त्या काळात हार्वर्डला शिकणाऱ्यांत आय. एम. पेई आणि पॉल रुडॉल्फ होते. दोघेही पुढे जगप्रसिद्ध झाले. ग्रोपियसची शिकवण साधारण अशी की इमारत म्हणजे नक्षीकाम नव्हे. आधी विचारा, इथे कोण राहणार, काय काम करणार, कुठून कुठे जाणार. उत्तरं मिळाली की आकार आपोआप पुढे येतो. आणि काम एकट्याने नाही, टीमने करायचं. याच ग्रोपियसनी १९५० पर्यंत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी निवासी संकुल उभं केलं. सात वसतिगृहं, एक सामाईक जेवणघर, आणि त्यांना जोडणाऱ्या छप्पर असलेल्या वाटा. या वाटा लक्षात ठेवा.

परत आले, आणि आधी डबा बांधला

१९४७ मध्ये शिक्षण पुरं करून कानविंदे भारतात परतले आणि सीएसआयआरचे मुख्य आर्किटेक्ट झाले. देश नवा होता, पैसा कमी होता, कामाला मर्यादा नव्हती. अहमदाबादला विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने कापड उद्योगासाठी आटिरा ही संशोधन संस्था निघाली. तिची इमारत कानविंदेंनी केली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची ही इमारत म्हणजे सरळ रेषा, सपाट छप्पर, नक्षी नाही, कमानी नाहीत, घुमट नाहीत. भारतात ग्रोपियसच्या पद्धतीने बांधलेल्या पहिल्या इमारतींपैकी ती एक मानली जाते.

आज बघताना ती साधी वाटेल. सरकारी ऑफिससारखी. पण तेव्हाचा विचार करा. सरकारी इमारत म्हटलं की इंग्रजांचे खांब नाहीतर राजवाड्याचे घुमट. नव्या देशाला नवं काहीतरी हवं होतं, आणि हे त्याचं उत्तर होतं. नेहरूंनाही ही नवी वाट पसंत होती. मार्च १९५९ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत वास्तुकलेवर मोठं चर्चासत्र भरवलं, त्याचं संयोजन कानविंदेंकडे होतं आणि उद्घाटन नेहरूंनी केलं होतं. स्वतंत्र भारताने बांधायचं कसं, हा विषय होता.

पण एक अडचण होतीच. अमेरिकेतल्या थंडीत चालणारा डबा अहमदाबादच्या मे महिन्यात कसा चालेल? उघड्या भिंतीवर ऊन आदळतं, सपाट गच्ची तव्यासारखी तापते. आपल्या भागात स्लॅबच्या खोलीत उन्हाळा काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. कानविंदेंच्या नंतरच्या इमारती बघितल्या की कळतं, हा धडा त्यांनी घेतला. डबा फुटत गेला. त्यात चौक आले, सावल्या आल्या, वीट आली, वारा खेळायला जागा आली. मोठ्या गुरूकडून शिकून आलेला माणूस गुरूचाच साचा बदलतो, हे सोपं नसतं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

१९५५ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि शौकत राय यांच्यासोबत दिल्लीत स्वतःची फर्म काढली, कानविंदे अँड राय. आणि मग आलं त्यांचं सगळ्यात मोठं काम.

कानपूर

आयआयटी कानपूर सुरू झाली १९५९ मध्ये, दुसऱ्या एका कॉलेजच्या कँटीनच्या इमारतीत. पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर, म्हणजे तेही मराठी. त्याआधी आयआयटी मुंबईच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. शहराबाहेर कल्याणपूरजवळ हजार एकरांहून मोठी जमीन मिळाली. सपाट, उघडी. उन्हाळ्यात ४५ अंश, हिवाळ्यात दाट धुकं. तिथे हजारो माणसं राहणार, शिकणार, शिकवणार. म्हणजे एक गावच वसवायचं होतं, आणि गावाचा नकाशा कानविंदेंच्या टेबलावर आला.

त्यांनी काय केलं ते समजण्यासाठी तुम्ही तिथे चालताय असं समजा.

पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे गाड्यांचे रस्ते बाहेरून जातात. आतला भाग चालणाऱ्यांचा. मधोमध लायब्ररी, तिला आज केळकरांचं नाव आहे. जवळच लेक्चर हॉल, आजूबाजूला विभागांच्या इमारती. आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या छप्पर असलेल्या वाटा, काही जमिनीवर तर काही वरच्या मजल्याच्या उंचीवर. ऊन असो, पाऊस असो, एका वर्गातून दुसऱ्या वर्गात सावलीतून जाता येतं. हार्वर्डच्या त्या वाटा आठवल्या ना? इथे त्या कानपूरच्या उन्हासाठी नव्याने रचल्या आहेत.

पण सावली हा अर्धाच फायदा. खरी गंमत अशी की सगळ्यांना याच वाटांनी जावं लागतं. केमिस्ट्रीवाला आणि मेकॅनिकलवाला, पहिल्या वर्षाची मुलगी आणि तिचे प्रोफेसर, सगळे एकमेकांसमोरून जातात. कुणी ठरवून भेटत नाही, तरी भेट होते. वाटेत कट्टे आहेत, झाडं आहेत, खाली हिरवळ आहे. चार मिनिटं थांबायला निमित्त मिळतं. इमारतींचा चेहराही सरळ आहे. काँक्रीटचा सांगाडा उघडा ठेवलेला, मध्ये लाल विटा. काय कशावर उभं आहे हे बघणाऱ्याला दिसतं.

आता हॉस्टेलं. शैक्षणिक भागापासून ती पायी किंवा सायकलवर सहज जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. खोल्या मोकळ्या चौकांच्या कडेने रचलेल्या. खोली लहान, झोप आणि अभ्यासापुरती. दार उघडलं की समोर व्हरांडा, खाली चौक. प्रत्येक हॉलची आपली मेस, बसायची सामाईक जागा. लंडनच्या त्या पांढऱ्या इमारतीतलं गणितच इथे वेगळ्या हवेत मांडलंय. खोली छोटी ठेवा, बाहेरचं मोठं करा. आणि आपल्या वाड्याचंही हेच गणित होतं, नाही का?

आयआयटीत शिकलेल्या कुणाशी बोललात तर एक शब्द हमखास ऐकू येईल, विंगी. एकाच विंगमध्ये राहिलेला मित्र. चाळीस वर्षांनी भेटले तरी माणसं सांगतात, हा माझा विंगी. डिपार्टमेंटमधला मित्र वेगळा, विंगी वेगळा. व्हरांड्याचा एक तुकडा आठ-दहा दारांना सामाईक असला की त्यातून नातं तयार होतं, आणि त्याला भाषेत स्वतंत्र शब्द मिळतो.

या कामातून जे कळलं ते कानविंदेंनी एच. जेम्स मिलर यांच्यासोबत पुस्तकात मांडलं. १९६९ मध्ये आलेलं ते पुस्तक भारतातल्या कॅम्पसच्या रचनेबद्दल आहे. म्हणजे विद्यार्थी राहतात कसे, हा आपल्याकडे गांभीर्याने अभ्यासायचा विषय आहे, हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने नोंदवून ठेवलंय.

दूध, विज्ञान आणि मंदिर

१९७० च्या दशकात त्यांनी गुजरातेत मेहसाण्याला दूधसागर डेअरी बांधली. डेअरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पत्र्याची शेड येईल. ही इमारत मात्र लांबून एखाद्या किल्ल्यासारखी दिसते. छपरातून वर उठलेले उंच चौकोनी झडपे दिसतात, ते शोभेचे नाहीत. आत यंत्रांची उष्णता आणि वाफ असते, ती वर खेचून बाहेर टाकायला ते आहेत. हवेने इमारतीचा आकार ठरवला. आटिराच्या डब्यापासून माणूस किती लांब आला होता, हे इथे दिसतं.

आणि तुम्ही पाहिलेली असू शकणारी इमारत? मुंबईत वरळीचं नेहरू सायन्स सेंटर. शाळेच्या सहलीत तिथे गेला असाल तर आत एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढत-उतरत हिंडला असाल. १९८५ मध्ये खुलं झालेलं हे केंद्र कानविंदेंचंच. दिल्लीचं नॅशनल सायन्स सेंटरही त्यांचं, ते १९९२ मध्ये सुरू झालं. आयुष्याच्या शेवटाकडे त्यांनी दिल्लीचं इस्कॉन मंदिर केलं, १९९८ मध्ये ते खुलं झालं. ज्याने तरुणपणी कमानी आणि शिखरं बाजूला ठेवली, त्याने ऐंशीच्या घरात शिखरांचं मंदिर बांधलं. काहींना हे उलट वळण वाटतं. पण मंदिरात येणाऱ्या माणसाला काय हवं, हाही ग्रोपियसच्या वर्गातलाच प्रश्न आहे.

मान मिळाले. पद्मश्री मिळाली, १९८५ मध्ये भारतीय आर्किटेक्टांच्या संस्थेचं बाबुराव म्हात्रे सुवर्णपदक मिळालं. पण सिनेमावाल्यांसारखं नाव घराघरांत गेलं नाही. आर्किटेक्टचं असंच होतं. आपण इमारत वर्षानुवर्षं वापरतो आणि ती कुणी काढली हे विचारतही नाही.

हे सगळं हिंगोलीत बसून का वाचायचं?

कारण नंबर एक. आपल्या जिल्ह्यातून बारावीनंतर बाहेर पडणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पहिलं घर म्हणजे हॉस्टेल किंवा भाड्याची खोली. एका खोलीत चार-पाच कॉट, भिंतीला खुंट्या, कॉमन बाथरूम, डबा बाहेरून. मालकाला जितक्या कॉट तितकं भाडं, त्यामुळे बसायच्या जागेवर पहिली कुऱ्हाड पडते. जी जागा पैसे देत नाही ती राहत नाही. मुलींच्या हॉस्टेलात तर प्रश्न आणखी मोठा. संध्याकाळी गेट बंद झालं की आतला चौक किंवा गच्ची हेच काय ते मोकळं आकाश. तेही कुलूपबंद असेल तर उरते फक्त कॉट आणि मोबाईल. घरापासून दूर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला पहिल्या सहा महिन्यांत कुणीतरी बोलायला मिळणं, ही चैन नाही. अभ्यास टिकणार की बॅग भरून परत येणार, हे कधी कधी त्यावरच ठरतं.

कारण नंबर दोन. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र. आपण सगळे त्या यंत्राबद्दल बोलतो, आणि बोलावंच. पण यंत्र चालवायला माणसं येणार, शिकायला विद्यार्थी येणार. ते कुठे राहतील? संध्याकाळी कुठे भेटतील? औंढ्याच्या पोरांशी त्यांची गाठ पडेल की कुंपणाच्या आत एक वेगळं गाव तयार होईल? ऐंशी वर्षांपूर्वी एका मराठी तरुणाला प्रयोगशाळा कशा बांधायच्या हे शिकायला सातासमुद्रापार पाठवलं होतं. परत येऊन त्याने प्रयोगशाळांच्या सोबतीने त्यातल्या माणसांच्या वाटा आणि व्हरांडेही आखले. हे आपल्याकडे आठवणीत ठेवायला हवं.

कारण नंबर तीन. अशा इमारती आता धोक्यात आहेत. अहमदाबादच्या आयआयएममध्ये लुई कान या अमेरिकन आर्किटेक्टने बांधलेल्या १८ हॉस्टेलांपैकी १४ पाडायचा प्रस्ताव डिसेंबर २०२० मध्ये आला. जगभरातून विरोध झाला आणि काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला, पण वाद मिटला नाही. काँक्रीट गळतं, वीट झिजते, विद्यार्थी वाढतात, हे खरंच आहे. मग पाडायचं की दुरुस्त करायचं? किल्ला पडू लागला की आपल्याला वाईट वाटतं. साठ वर्षांचं हॉस्टेल पडलं तर कुणाला वाटेल? वाटायला हवं, निदान त्यात राहिलेल्यांना तरी.

बघायचंच असेल तर

आयआयटी कानपूरला जायचं तर गेटवर परवानगी लागते. तिथे कुणी ओळखीचं शिकत असेल तर काम सोपं. उन्हाळ्यात गेलात तर छपराखालच्या वाटांची किंमत लगेच कळेल. तेवढं लांब जमत नसेल तर मुंबईला गेल्यावर वरळीचं सायन्स सेंटर पुन्हा बघा. या वेळी आतल्या खेळण्यांकडे नाही, जिने आणि पातळ्यांकडे लक्ष द्या.

आणि मुंबईही लांब वाटत असेल तर आजच आपल्या गावातल्या एखाद्या जुन्या वाड्यात जा. राहणाऱ्यांची परवानगी घ्या, चौकात उभे राहा आणि मोजा, किती दारं चौकात उघडतात. मग तुमच्या हॉस्टेलवर या आणि तेच मोजा. दोन्ही आकडे एका कागदावर लिहा. पुढच्या वेळी हॉस्टेलच्या रेक्टरांकडे तक्रारी घेऊन जाल तेव्हा पाण्याच्या टाकीसोबत आणखी एक मागणी त्या कागदावर लिहा. व्हरांड्यात चार बाकडी, आणि गच्चीची किल्ली. खर्च फार नाही.